कच्ची नोकरी, पक्की नोकरी आणि प्रकल्पाचे उरलेले महिने

प्रश्न असा आला आहे: "मी नागपूरची. मेटलर्जीत बीटेक, मग मटेरियल्समध्ये एमटेक. दोन वर्षांपासून हिंगणा एमआयडीसीतल्या एका ॲल्युमिनियम फाउंड्रीत क्वालिटीला आहे. हातात बत्तीस हजार पडतात. गेटचा (अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा) स्कोअर आहे, पण पुढच्या मार्चमध्ये त्याची मुदत संपते. एका संस्थेत भंगारातल्या ॲल्युमिनियमवरच्या प्रकल्पासाठी जेआरएफची जागा निघाली आहे. बाबा म्हणतात, 'पक्की सोडून कच्ची काऊन धरून राहिली?' मला पुढे विद्यापीठात संशोधनच करायचं आहे. जाऊ का? मुलाखतीत काय विचारतात?"

बाबा खोटं बोलत नाहीत. जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, कच्चीच असते. पण किती कच्ची, हे प्रत्येक जाहिरातीगणिक वेगळं असतं, आणि ते जाहिरातीत सहसा लिहिलेलं नसतं. ते विचारून काढावं लागतं.

माझी पंचवीसेक वर्षं धातूंच्या प्रयोगशाळांत गेली. आधी फेलो होते, मग शिकवू लागले, पुढे निवड समित्यांवर बसले. मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्या. त्यावरून सांगते, ही नोकरी संस्थेची नसते, प्रकल्पाची असते. जाहिरातीवर मोठ्या संस्थेचं बोधचिन्ह असतं, ओळखपत्र त्याच संस्थेचं मिळतं, फाटकावरचा गार्ड नमस्कारही करतो. पगार मात्र एका ठरावीक प्रकल्पाच्या एका रकान्यातून निघतो. तो रकाना रिकामा झाला की बोधचिन्ह तुम्हाला ओळखत नाही. म्हणून पहिला प्रश्न 'किती देणार' हा नाही. पहिला प्रश्न: प्रकल्पाचे महिने किती उरलेत?

यामागचं गणित साधं आहे. असे प्रकल्प बहुधा तीन वर्षांसाठी मंजूर होतात. घड्याळ मंजुरीनंतर पैसे आले की सुरू होतं, तुम्ही रुजू झाल्यावर नाही. उपकरणाचं टेंडर, जाहिरात, मुलाखत यांत सात-आठ महिने सहज जातात. पहिला फेलो वर्षभर काम करतो, त्याला एखाद्या सरकारी कंपनीत जागा लागते, तो जातो. मग दुसऱ्यांदा जाहिरात निघते, आणि त्यात लिहिलेलं असतं, 'एक वर्ष किंवा प्रकल्प संपेपर्यंत, यांपैकी जे आधी होईल ते'. उमेदवार 'एक वर्ष' वाचतो आणि पुढे वाढेल असं धरून चालतो. इकडे विद्यापीठात संशोधन करायचं तर पीएचडी हवी, आणि तिला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांप्रमाणे कमीत कमी तीन वर्षं लागतात, जास्तीत जास्त सहा. अभियांत्रिकीत तीन वर्षांत थिसिस देणारे मी बोटावर मोजण्याइतके पाहिलेत, चार-साडेचार नेहमीचे. प्रकल्पाचे अठरा महिने उरले असतील, तर पुढची अडीच-तीन वर्षं तुमचं जेवणखाण कोण बघणार, याचं उत्तर रुजू होण्याआधी हवं.

मला ते उत्तर माहीत नव्हतं. मी फेलो होते ती संस्था दुसऱ्या शहरातली, नाव नको. दुसऱ्या वर्षाचा हप्ता आला नाही, कारण पहिल्या वर्षाचं खर्चाचं प्रमाणपत्र कोणाच्या तरी टेबलावर सहीसाठी पडून होतं. सात महिने फेलोशिप नाही. घरमालकीण काकूंनी भाड्याबद्दल एक शब्द काढला नाही, फक्त माझ्या मजल्यावर पाणी चढवायची वेळ सकाळी सहावरून साडेचार केली. मी उठायला लागले. सात महिन्यांनी सगळे पैसे एकदम आले. त्यांतले निम्मे उधारीत गेले आणि उरलेल्यात काकूंना साडी घेतली. अजूनही हप्ते अडकतात, विशेषतः मार्च उलटल्यावर, आर्थिक वर्ष बदलतं तेव्हा. म्हणून फाउंड्रीच्या पगारातून चार-पाच महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय या वाटेला येऊ नका. बाबांना हे सांगितलं तर त्यांचाही आवाज थोडा खाली येईल.

आता पैसा. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाने १ जानेवारी २०२३पासून जेआरएफ ३१,०००वरून ३७,००० रुपये केली. दोन वर्षांनी कामाचं मूल्यमापन होऊन एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलोशिप) मिळते, ती ४२,०००. वर घरभाडे भत्ता. नागपूर केंद्राच्या वर्गवारीत 'वाय' गटात येतं, जाहिरातीत १८ टक्के लिहिले असतील तर हातात ४३,६६०, २० लिहिले असतील तर ४४,४००. संस्थेच्या वसतिगृहात खोली घेतली तर हा भत्ता जातो. म्हणजे आकड्यात तुमचं नुकसान नाही, उलट फायदाच आहे. नुकसान आहे ते भविष्य निर्वाह निधी, बोनस आणि दरवर्षीच्या वाढीचं. जाहिरातीत 'जेआरएफ' नसून 'प्रोजेक्ट असोसिएट' किंवा 'प्रोजेक्ट असिस्टंट' असेल तर रक्कम वेगळी असते, आणि गेट किंवा नेट (प्राध्यापकी-संशोधनाची पात्रता परीक्षा) असणाऱ्याला व नसणाऱ्याला दरही निराळा. तुमचा स्कोअर जिवंत आहे तोवर त्याची किंमत आहे. निकालापासून तीन वर्षं तो चालतो. म्हणूनच मार्च ही तुमची खरी अंतिम तारीख समजा, आणि शक्य असेल तर येत्या फेब्रुवारीत पुन्हा पेपर द्या. मेटलर्जीचा देऊन कंटाळला असाल तर इंजिनिअरिंग सायन्सेसच्या पेपरात मटेरियल्स सायन्सचा विभाग निवडता येतो.

दुसरा प्रश्न पीएचडी नोंदणीचा, आणि इथे फार जण फसतात. जेआरएफ म्हणून निवड झाली म्हणजे पीएचडीला प्रवेश झाला, असं नाही. प्रवेशाची जाहिरात वेगळी, मुलाखत वेगळी, शुल्क वेगळं. काही ठिकाणी प्रकल्पातल्या फेलोला पुढच्या सत्रात नोंदणी मिळते, काही ठिकाणी गाइडकडचा विद्यार्थ्यांचा कोटाच भरलेला असतो. दोन वर्षं दुसऱ्याच्या प्रकल्पाचे नमुने घासून, नोंदणीशिवाय बाहेर पडलेली मुलं मला माहीत आहेत. हुशार मुलं. हातात उरला तो अनुभवाचा एक दाखला. तेव्हा मुलाखतीत 'तुम्हाला काही विचारायचंय का?' असं म्हणतील, तेव्हा लाजू नका. विचारा: प्रकल्प कोणत्या महिन्यात संपतो, नोंदणी कधी करता येईल, प्रकल्प संपल्यावर संस्थेची फेलोशिप मिळू शकते का. चांगला गाइड अशा प्रश्नाने रागावत नाही. जो रागावतो, त्याच्याकडे पाच वर्षं काढायची आहेत का, हे तिथल्या तिथे कळतं.

आणि गाइडला विचारून झालं की त्याच्या विद्यार्थ्यांना विचारा. लॅबच्या बाहेर, टपरीवर, पोहे खाताना. 'तुझ्या आधीचा कुठे गेला?' एवढंच. गेल्या पाच वर्षांत त्या लॅबमधून किती जण थिसिस देऊन बाहेर पडले, किती जण मध्येच सोडून गेले, हे संस्थेच्या कोणत्याही क्रमवारीपेक्षा जास्त सांगून जातं.

मुलाखतीकडे येते. ती पंधरा-वीस मिनिटांची असते. येण्याजाण्याचा खर्च मिळत नाही, जाहिरातीत तसं लिहिलेलंच असतं. चार-पाच जण बसलेले असतात. त्यांतला एक वित्त किंवा प्रशासनाकडचा, तो फक्त जात-प्रमाणपत्र आणि वयाचे कागद बघतो. बहुतेक जाहिरातींत वयाची अट २८ असते, महिला आणि राखीव प्रवर्गांना सवलत असते. एखादा दुसऱ्या विभागातला, तो सोप्या शब्दांत विचारतो आणि तोच अवघड पडतो. उरलेले आम्ही.

आम्ही काय शोधत असतो? पाठ केलेलं नाही. लोह-कार्बनची आकृती (कोणत्या तापमानाला पोलाद कोणत्या रूपात असतं ते दाखवणारी) सगळे काढतात, ७२७ अंशाची रेषाही बरोबर येते. मग मी विचारते, 'या रेषेवरून सावकाश खाली आलो तर काय होतं ते सांगितलंस, आता झटकन खाली आलो तर?' आणि अर्ध्यांचा खडू थांबतो. थांबला तरी चालतं. थांबून विचार करणारा आम्हाला हवाच असतो. नको असतो तो न थांबता काहीही सांगणारा.

दुसरी जागा म्हणजे तुमचा स्वतःचा एमटेकचा थिसिस. त्यातली कुठलीही एक आकृती काढून बोट ठेवतो. 'हा फोटो एसईएमचा (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा). तू काढलास का?' इथे 'हो' म्हणायचा मोह होतो. खरं म्हणजे ऑपरेटरने काढलेला असतो, विद्यार्थी शेजारी खुर्चीवर बसलेला असतो. 'मी शेजारी बसले होते, पण कुठे काढायचा ते मी सांगितलं' हे उत्तर आम्हाला आवडतं. मग पुढचं: सेकंडरी इलेक्ट्रॉनचा की बॅकस्कॅटर्ड (नमुन्यावर आदळून परत फिरलेल्या) इलेक्ट्रॉनचा? तो का निवडला? जड मूलद्रव्य बॅकस्कॅटर्डमध्ये उजळ दिसतं हे माहीत असेल, तर तुमच्या प्रकल्पाचा अर्धा पाया तिथेच घातला जातो.

कारण तुमचा विषय भंगारातलं ॲल्युमिनियम. खनिजापासून ॲल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या पाच टक्क्यांच्या आसपासच भंगार वितळवायला लागते, म्हणून सगळ्यांचा डोळा भंगारावर. पण भंगारातून लोखंड येतं. स्क्रू, बोल्ट, पिनांचे तुकडे. ते ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूत सुयांसारखे दिसणारे पातळ पापुद्रे करून बसतं, आणि ओढ पडली की कास्टिंग तिथूनच तडकतं. थोडं मँगनीज घातलं तर त्या सुयांच्या जागी चिनी अक्षरांसारखी वळणदार रचना येते, ती कमी घातक. (मँगनीज म्हटलं की नागपूरकराने जरा ताठ बसावं. मँगनीज खणणाऱ्या मॉइल कंपनीचं मुख्यालय आपल्याच गावात आहे.) आता मी तुम्हाला विचारीन: 'एक्सआरडीत (एक्स-किरणांच्या तपासणीत) या लोहाच्या फेजचं, म्हणजे त्या सुयांचं, शिखर दिसलंच नाही, म्हणजे तो फेज नाही का?' याचं उत्तर पाठ्यपुस्तकात एका ओळीत नसतं. फेज एक-दोन टक्क्यांहून कमी असेल तर एक्सआरडीत तो पार्श्वभूमीच्या गोंधळात बुडतो. मग नमुना घासायचा, पॉलिश करायचा, केलरच्या आम्लद्रावणाने त्याचा पृष्ठभाग हलका खोदायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. हे ज्याने हाताने केलंय तो दोन वाक्यांत सांगतो.

आणि तुम्ही फाउंड्रीत आहात, हे कमीपणाचं समजून बायोडेटाच्या शेवटच्या ओळीत टाकू नका. पावसाळ्यात तुमच्याकडे पोरॉसिटीचं, म्हणजे छिद्रांमुळे होणारं, रिजेक्शन वाढतं ना? हवेतल्या दमटपणातून वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन शिरतो आणि धातू गोठताना बाहेर पडायला बघतो, म्हणून. तुमच्या फाउंड्रीत डीगॅसिंग (धातूतला वायू काढणं) किती मिनिटं करतात, कोणत्या वायूने, आणि पावसाळ्यात ते वाढवतात का, हे तुम्ही रोज बघता. एमटेक करून थेट आलेल्या मुलाने हे फक्त वाचलेलं असतं. कास्टिंगची हार्डनेस ब्रिनेलने का मोजता, विकर्सने का नाही, असं कोणी विचारलं तर तुम्ही हसून सांगू शकता: दाणे मोठे आहेत, ठसा मोठा हवा, नाहीतर एकदा सिलिकॉनवर पडेल आणि एकदा ॲल्युमिनियमवर. मी समितीवर असते तर अशा उत्तराला मी गुण दिला असता. फक्त कंपनीचे रिजेक्शनचे आकडे किंवा ग्राहकांची नावं सांगू नका. तिथे समिती तुमचं ज्ञान नाही, तुमचं तोंड तोलत असते.

बायोडेटा दोन पानांचा पुरे. 'मेहनती, प्रामाणिक, संघभावना' हे सगळं काढा. त्याऐवजी कोणतं यंत्र स्वतः चालवलंय आणि कोणतं फक्त पाहिलंय, असे दोन रकाने करा. हा वेगळेपणा मी एका मुलीच्या अर्जात पाहिला होता. तिची निवड आमच्याकडे झाली नाही, गुण कमी पडले, पण तिचा अर्ज अजून आठवतो.

जाहिरात निघायची वाट बघायलाच हवी असंही नाही. प्राध्यापकाला आधी मेल करता येते. 'आदरणीय सर/मॅडम, मला आपल्या नामांकित संस्थेत' अशा मेल आमच्याकडे रोज येतात. एकाच मजकुराच्या, कधी कधी शेजारच्या सहकाऱ्याचं नाव पुसायचं राहिलेल्या. त्या उघडल्याही जात नाहीत. त्या माणसाचे दोन शोधनिबंध वाचा, त्यातल्या एकावर खरा प्रश्न विचारा, चार ओळींत स्वतःबद्दल लिहा. उत्तर येईलच असं नाही, पण आठवण राहते.

नागपूरच्या नागपुरात कुठे बघायचं? व्हीएनआयटी सगळ्यांना माहीत आहे. १९६०मध्ये व्हीआरसीई म्हणून सुरू झालेली, तिथे मेटलर्जी आणि मटेरियल्सचा वेगळा विभाग आहे. पण तुमच्या विषयाचं माहेर वाडीला आहे. अमरावती रोडवर जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र, १९८९पासूनचं, खाण मंत्रालयाच्या अखत्यारीतलं. हिंगण्याहून ते किती जवळ आहे हे तुम्हाला सांगायला नको. तिथे बॉक्साइटपासून भंगारापर्यंत ॲल्युमिनियमचंच काम चालतं, आणि प्रकल्पांच्या जागा निघत असतात. नीरी पर्यावरणाची संस्था, पण गाळणीचे पडदे, शोषक पदार्थ, उत्प्रेरक हे सगळं मटेरियल्सच आहे. फक्त तिथे मुलाखतीत रसायनशास्त्र जास्त विचारतात. कामठीच्या रावबहादूर लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२मध्ये उभं राहिलेलं एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) आता स्वतंत्र विद्यापीठ झालंय. रंग, पॉलिमर, तेल हा त्यांचा जुना हातखंडा. आणि नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाला विसरू नका. प्रकाश देणाऱ्या पदार्थांवर, म्हणजे फॉस्फरवर तिथे कित्येक वर्षं काम चालू आहे. मेटलर्जीचा पदवीधर तिकडे फिरकत नाही, कारण त्याला वाटतं मटेरियल्स म्हणजे फक्त मेटल. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतल्या राखेवर काम करणारा प्रकल्प स्थापत्य विभागातही असू शकतो. जाहिरात वाचताना विभागाचं नाव नाही, प्रकल्पाचं शीर्षक वाचा.

प्रकल्पाशिवायही फेलोशिप आहेत. संस्थेची स्वतःची, जी गेटवर मिळते. यूजीसी-सीएसआयआर नेटची, जी तुमच्या नावावर असते आणि गाइड बदलला तरी तुमच्यासोबत येते. आणि राज्याच्या संस्थांच्या: बार्टी अनुसूचित जातींसाठी, सारथी मराठा-कुणबी समाजासाठी, महाज्योती इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी, आणि महाज्योतीचं मुख्यालय नागपुरातच आहे. यांपैकी एखादी आपल्याला लागू होते का हे बघाच. यांच्या निवडीला आणि पैशालाही उशीर होतो, तो मुद्दा वर आलाच आहे. पण प्रकल्पाचे महिने संपल्यावर हाच दुसरा पाय असतो.

बाहेरच्या देशांबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी थोडक्यात. जर्मनी, नेदरलँड्स, स्कँडिनेव्हिया इथे पीएचडी करणारा बहुतेक वेळा विद्यापीठाचा नोकर असतो. करार, पगारश्रेणी, आरोग्यविमा, सगळं कागदावर. जर्मनीत जाहिरातीत 'ई १३' श्रेणी लिहिलेली असते, आणि तिच्यापुढे ६५ टक्के की १०० टक्के, ते नीट बघायचं, कारण पगार तेवढाच मिळतो. युरोपच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागा युराॲक्सेसवर येतात. त्यांची एक अट आपल्या बाजूची आहे: गेल्या तीन वर्षांत त्या देशात बारा महिन्यांहून जास्त राहिलेला उमेदवार चालत नाही. हिंगण्यात राहिलेला चालतो. अर्ज करायला पैसे लागत नाहीत, एजंटही लागत नाही.

पीएचडीनंतर? हे बाबांनी विचारलं नाही, पण त्यांना हेच विचारायचंय. विद्यापीठातली कायमची जागा मिळते, पण नागपुरातच मिळेल असं धरून चालू नका. जागा थोड्या, बिंदुनामावलीत (आरक्षणाच्या क्रमवारीत) अडकलेल्या, आणि जाहिरात निघून नेमणूक व्हायला वर्षं जातात. मधल्या काळात हैदराबाद, जमशेदपूर, कल्पक्कम इथल्या प्रयोगशाळा, पोलाद कंपन्यांचे संशोधन विभाग किंवा पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन) असतं. घर सोडायची तयारी नसेल तर हा रस्ता घेऊ नका, हे मी स्पष्ट सांगते. सावजीची सवय कुठेही नडते, पण निभते.

तर, जाऊ का? प्रकल्पाचे चोवीस किंवा जास्त महिने उरले असतील आणि पुढच्या सत्रात नोंदणी होईल असं गाइड म्हणत असेल, तर जा. विषय तुमच्या हातचा आहे आणि असा जुळून येणं रोजचं नाही. बारा महिने उरले असतील तर ही जागा सोडा, फेब्रुवारीत गेट द्या, आणि जुलैच्या पीएचडी प्रवेशाला संस्थेच्या फेलोशिपवर उतरा. मधले महिने असतील, पंधरा-अठरा, तर नोंदणीचं उत्तर काय येतं त्यावर ठरवा.

निवड झाल्याचा फोन आला म्हणून राजीनामा देऊ नका. लेखी आदेश हातात आल्यावरच द्या. फोन आणि आदेश यांत कधी कधी दोन महिने जातात, कधी पद मागेही घेतलं जातं. फाउंड्रीची नोटीस किती दिवसांची आहे ते आत्ताच बघून ठेवा आणि रुजू होण्याची तारीख तेवढी पुढची मागा, बहुतेक ठिकाणी देतात. आणि निघताना एचआरकडून जो अनुभवाचा दाखला मिळेल त्यावर नुसतं 'क्वालिटी इंजिनिअर' असेल, ते बदलून घ्या. स्पेक्ट्रोमीटर, हार्डनेस, एक्स-रे तपासणी, जे जे तुम्ही स्वतः चालवलं त्याची नावं त्यात लिहून घ्या. एचआरवाला कुरकुर करेल. मजकूर तुम्हीच टाइप करून न्या, तो फक्त सही करेल.